गावाच्या भल्यासाठी एकाचा जीव: पुरंदर ते महाड

आमच्या महाड-पोलादपूर भागात मोठ्या पुलाचे काम निघाले की जुन्या बायका पोरांना दम भरायच्या, "तिकडे फिरकू नको. खांब उभा राहत नसला की पोर घालतात पायात." माझी दादीही हेच सांगायची. कोणाचे पोर, कोण घालते, याची माहिती कोणालाच नसे. पण मोठे बांधकाम माणसाचा जीव मागते, ही समजूत पक्की होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि त्यांच्यासोबत आणखी माणसे वाहून गेली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला नवा पूल उभा राहिला. तो बांधला जात असतानाही चहाच्या टपरीवर हा विषय मी ऐकला. बोलणारे हसत होते, पण बोलत होते.

ही भीती खुळी म्हणून सोडून देता येईल. पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो खुळा नाही. एकाचा जीव गेल्याने शंभरांचे भले होणार असेल, तर तो एक द्यावा का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारतात तेव्हा तिथे एक काल्पनिक माणूस उभा करतात. त्याला नाव नसते, जात नसते, घर नसते. इतिहासात मात्र त्याला नाव असते. ते नाव पाहिले की प्रश्नही बदलतो. म्हणून या लेखात आपल्याच भागातल्या माणसांच्या मागोमाग जाऊन हा प्रश्न पाहू.

शेंदऱ्या बुरुज

सुरुवात महाडबाहेर, पुरंदरावर करावी लागेल. त्या किल्ल्याशी महाडचे नाते काय, ते पुढे येईल.

पुरंदरला शेंदऱ्या नावाचा बुरुज आहे. त्याची कथा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे आणि त्याआधीपासून लोकांच्या तोंडी आहे. बुरुज बांधायचा आणि तो ढासळायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा ढासळायचा. शेवटी बिदरच्या बादशहाला स्वप्नात दृष्टांत झाला की ज्येष्ठ मुलगा आणि त्याची बायको पायात पुरल्याशिवाय बुरुज टिकणार नाही. मग येसाजी नाईकाने बहिरनाक सोननाक याचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना आणले. दोघांना पायात गाडले आणि बुरुज उभा राहिला. कथेच्या शेवटी इनामाचाही उल्लेख येतो.

हे घडले का? ही दंतकथा आहे, आणि दंतकथेला कागदाचा पुरावा मागून उपयोग नाही. पण दंतकथा एक गोष्ट खात्रीने सांगते. ती ज्यांनी शतकानुशतके ऐकली आणि सांगितली, त्यांना काय शक्य वाटत होते, काय खपण्यासारखे वाटत होते, ते तिच्यातून कळते. या कथेत स्वप्न बादशहाला पडते, काम नाईक करतो आणि पायात जातात ते महाराघरचे मुलगा आणि सून. बादशहालाही ज्येष्ठ मुलगा असेलच. नाईकालाही असेल. पण कथा ऐकणाऱ्या कोणाला ते पुरले जातील असे एकदाही वाटत नाही. कोणाचा मुलगा, हा प्रश्न कथेत कोणी विचारतच नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते.

कथेतला बादशहा मुसलमान आहे, याकडे मला डोळेझाक करायची नाही. आपल्या राजवटींचे न्याय, औदार्य, बागा आणि कारंजी सांगताना आपण पुढे असतो. मग लोकांनी त्या राजवटीची अशीही आठवण जपली आहे, हे ऐकून घेण्याचीही तयारी हवी. इस्लाम नरबळी हराम मानतो हे खरे. पण लोकांच्या कथेतला सुलतान धर्मशास्त्राप्रमाणे वागत नाही, सत्तेप्रमाणे वागतो. सत्तेला बुरुज हवा असतो, आणि तो कोणाच्या अंगावर उभा आहे हे तिला वरून दिसत नाही.

देवकाईला विचारले होते का, याबद्दल कथा गप्प आहे. सगळ्या कथेत मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

किंजळोलीचा मुरारबाजी, उमरठचा तानाजी

आता महाडचे नाते. १६६५ साली मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला, तेव्हा किल्ला लढवणारा होता मुरारबाजी देशपांडे, महाड तालुक्यातल्या किंजळोलीचा. आधी तो जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होता, मग शिवाजी महाराजांकडे आला. सभासद बखर सांगते की सातशे निवडक माणसे घेऊन तो किल्ल्यावरून उतरला आणि थेट दिलेरखानाच्या फौजेत घुसला. त्याचे शौर्य पाहून खानाने त्याला कौल देऊ केला, आमच्याकडे ये, तुझा मान राखतो. मुरारबाजीने तो नाकारला आणि तो पडला.

ज्या किल्ल्याच्या पायात नाथनाक-देवकाई असल्याची कथा सांगतात, त्याच किल्ल्याखाली किंजळोलीचा हा माणूस मेला. दोन्ही मरणांना आपण 'बलिदान' म्हणतो. एकच शब्द दोघांना लावतो, आणि सगळा घोटाळा तिथे सुरू होतो. मुरारबाजीसमोर दुसरी वाट होती, मानाची होती, आणि शत्रूनेच ती देऊ केली होती. ती त्याने सोडली. नाथनाकासमोर कोणती वाट होती?

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते पडले. मुलाच्या लग्नाची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. मला त्या रात्रीतली दुसरी एक परंपरा जास्त विचार करायला लावते. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा चढून आलेला दोर कापून टाकला गेला, म्हणजे परतीची वाटच उरली नाही. काही जण हे सूर्याजीचे काम म्हणून सांगतात, काही शेलारमामांचे. कोणी का असेना, दोर कापणारा स्वतः त्याच कड्यावर उभा होता. त्याने दुसऱ्यांची वाट तोडली, पण सोबत स्वतःचीही तोडली. हा बारकावा लहान दिसतो, तरी तो ध्यानात ठेवू. बादशहा, नाईक आणि दोर कापणारा यांच्यात फरक करायला तोच उपयोगी पडतो.

तहात दिलेले मूल, पलंगावरचा माणूस

मुरारबाजी गेल्यावर महिनाभरातच, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला, बारा किल्ले राहिले. तह पुरा होईपर्यंत ओलीस म्हणून संभाजीराजे जयसिंगाच्या छावणीत राहिले. त्यांचे वय तेव्हा आठ वर्षांचे. रयतेच्या भल्यासाठी राजाने काय दिले, याची यादी करताना आपण किल्ले मोजतो. ते मूल सहसा मोजत नाही. त्या मुलालाही कोणी विचारले नव्हते. पण इथे शेंदऱ्या बुरुजाच्या अगदी उलट घडले. द्यायची वेळ आली तेव्हा राजाने पहिल्यांदा स्वतःचा ज्येष्ठ मुलगा दिला. पुढच्या वर्षी आग्र्याला तो स्वतः गेला, आणि मुलाला सोबत घेऊन गेला.

आग्र्याच्या सुटकेत (ऑगस्ट १६६६) हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. महाराज निसटले तेव्हा त्यांच्या जागी पलंगावर हिरोजी फर्जंद झोपला, पाय चेपायला एक पोऱ्या बसला, असे सभासद लिहितो. सभासदाने त्या पोऱ्याचे नाव दिलेले नाही. पुढच्या परंपरेत तिथे मदारी मेहतर हे नाव आले. पुढे हिरोजीही निसटला. पण त्रिंबक सोनदेव डबीर आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे मागे सापडले आणि त्यांचे हाल झाले. एकाच्या सुटकेची किंमत दुसऱ्यांनी दिली, हे त्या नाट्यमय कथेत बहुधा झाकले जाते.

मदारी मेहतरबद्दल आपल्या वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. दर शिवजयंतीला आपल्यातले अनेक जण त्याची गोष्ट मोबाइलवर फिरवतात. त्यामागची गरज मला कळते. आपली निष्ठा कोणी विचारायला आले की दाखवायला एक माणूस हवा असतो. पण थांबून पाहा, आपण काय करतो आहोत. सगळ्या समाजाची इभ्रत राहावी म्हणून आपण एका गरीब पोराला त्या पलंगाच्या पायथ्याशी पुन्हा पुन्हा बसवतो. तो होता का, त्याला भीती वाटली का, त्याचे पुढे काय झाले, याच्याशी आपल्याला देणेघेणे नसते. त्याचे मरण आपल्याला प्रमाणपत्र म्हणून हवे असते. प्रमाणपत्रच दाखवायचे असेल तर कागदोपत्री माणसे आहेत, आरमारातला दौलतखान आहे, पत्रव्यवहार सांभाळणारा काझी हैदर आहे. ही माणसे राज्यात नोकरी करत होती, जगत होती. निष्ठा दाखवायला मेलेलाच माणूस लागतो, ही समजूत सोडायला हवी.

पलंगावरून मुसलमान वाचकाला दुसरा एक पलंग आठवल्याशिवाय राहणार नाही. हिजरतच्या रात्री मक्केत कुरैशचे लोक तलवारी घेऊन दाराशी बसले होते आणि प्रेषितांच्या (स.) बिछान्यावर हजरत अली (रजि.) झोपले होते. त्या घटनेचे तपशील पाहण्यासारखे आहेत. अलींना सर्व काही सांगितलेले होते. तुला इजा होणार नाही, असा दिलासा दिलेला होता. आणि त्यांना मागे ठेवण्याचे आणखी एक कारण होते. मक्केच्या लोकांच्या ठेवी प्रेषितांकडे होत्या, त्या ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या. ज्यांनी मारायला माणसे पाठवली, त्यांच्याही ठेवी बुडवायच्या नव्हत्या. ती रात्र काढणाऱ्याला आपण काय पत्करतो आहोत आणि कशासाठी, हे पूर्ण ठाऊक होते.

धर्मशास्त्र काय म्हणते

बकरी ईदला आपण हजरत इब्राहिम (अ.) यांची आठवण करतो. त्या प्रसंगातली एक गोष्ट खुत्ब्यात घाईने उरकली जाते. स्वप्न बापाला पडले होते, तरी बापाने मुलाला परस्पर नेले नाही. त्याला स्वप्न सांगितले आणि तुझे मत काय, असे विचारले. मुलाने होकार दिला. आणि एवढे होऊनही सुरी चालली नाही, मुलाच्या जागी जनावर आले. शेंदऱ्या बुरुजाच्या कथेतही स्वप्न आहे, ज्येष्ठ मुलगा आहे. पण तिथे स्वप्न एकाला पडते आणि मुलगा दुसऱ्याचा जातो, विचारणे नाही, आणि शेवटी हात अडवणाराही कोणी नाही. इब्राहिमांची कथा माणसाचा बळी मागणारी नाही, तो थांबवणारी आहे, असेच मी ती वाचतो.

एक निरपराध जीव घेणे म्हणजे जणू सगळी माणसे मारणे, हे कुरआनचे म्हणणे सर्वांना माहीत आहे. त्याचा अर्थ नीट लावला तर एक विरुद्ध शंभर हा हिशेबच मोडतो. प्रत्येक जीव पूर्ण माणुसकीइतका असेल, तर एकाला शंभरांसमोर तराजूत घालायचे तरी कसे?

फिकहच्या विद्वानांनी हा प्रश्न अगदी रोखठोक हाताळला आहे. इमाम गज्जाली (निधन ११११) यांनी 'अल-मुस्तस्फा' या ग्रंथात जहाजाचे उदाहरण घेतले. जहाज बुडते आहे, एकाला पाण्यात टाकले तर बाकीचे वाचतील, तर टाकावे का? त्यांचे उत्तर नाही असे आहे. चिठ्ठ्या टाकून ठरवले तरी नाही. उपासमारीत सापडलेल्या लोकांनी चिठ्ठी टाकून एकाला खाणेही त्यांना मान्य नाही. शत्रूने मुसलमान कैद्यांची ढाल केली तर काय, एवढ्या एका प्रसंगी ते दार किलकिले करतात. तेही तीन अटींवर: गरज जीवनमरणाची हवी, परिणाम खात्रीचा हवा आणि संकट सगळ्या समाजावरचे हवे. जहाजातली माणसे कितीही असली तरी ती म्हणजे सगळा समाज नव्हे. मग गाव, पेठ, मोहल्ला, पक्ष यांची काय कथा!

दुसरा एक नियम आहे, त्यावर जवळपास सगळे फकीह एकमत आहेत. तुझ्या गळ्यावर सुरी ठेवून कोणी म्हणाले की अमक्या निरपराधाला मार, नाहीतर तुला मारतो, तरी त्याला मारणे जायज होत नाही. जबरदस्तीत पुष्कळ गोष्टी माफ होतात, ही होत नाही. कारण तुझे रक्त त्याच्या रक्तापेक्षा जास्त लाल नाही.

अबू जंदल

इथपर्यंत सर्व सोपे वाटेल. पण आपल्याच इतिहासात एक प्रसंग आहे, तो टाळून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हिजरी ६ (इ.स. ६२८), हुदैबिया. तहाची बोलणी होत आली आहेत. मक्केहून पळून आलेल्या मुसलमानाला परत पाठवायचे, हे एक कलम आहे. एवढ्यात बेड्या घातलेला एक तरुण फरफटत येतो. तो अबू जंदल, कुरैशच्या बाजूने तह करणाऱ्या सुहैलचाच मुलगा, मुसलमान झाला म्हणून बापाने डांबलेला. सुहैल म्हणतो, पहिला हाच परत द्या. प्रेषित (स.) सुहैलला विनंती करतात की याला माझ्यासाठी सोड. सुहैल ऐकत नाही. शेवटी अबू जंदलला परत जावे लागते. तो जमावाकडे पाहून ओरडतो, हजरत उमर (रजि.) अस्वस्थ होतात, सगळी छावणी सुन्न होते.

हे एकाला समाजाच्या भल्यासाठी सोडून देणेच आहे. तहामुळे युद्ध थांबले, लोक एकमेकांना भेटू लागले, इस्लाम पसरला, हे सर्व खरे. पण त्या क्षणी अबू जंदलच्या हातातल्या बेड्याही खऱ्या होत्या. मी या प्रसंगाला गोड करायला जात नाही. एवढेच पाहतो की तिथे काय केले गेले आणि काय केले गेले नाही. त्याला मारले नाही. त्याच्यासाठी मागणी केली, पुन्हा केली. त्याचीच काही चूक असेल, असे कोणी म्हटले नाही. अल्लाह तुझ्यासाठी वाट काढील, धीर धर, असे त्याला तोंडावर सांगितले, पाठ फिरवली नाही. आणि दिलेल्या शब्दाचे ओझे सर्वांनी वाहिले. पुढे अबू बसीर आणि अबू जंदल यांच्यासारख्यांनी समुद्रकाठी आपला तळ केला, आणि शेवटी कुरैशनीच ते कलम मागे घ्यायला सांगितले.

समाजाला कधी तोटा पत्करावा लागतो, आणि तो सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे हुदैबियावरून कळते. पण ज्याच्यावर तो पडतो त्याचे तोंड पाहूनच तो पत्करावा लागतो, हेही तिथेच कळते.

महाड, १९२७

आता चवदार तळ्यावर येऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळेही खुले केले, ते कागदावर. प्रत्यक्षात अस्पृश्य तिथे जाऊ शकत नव्हते. मुसलमान जाऊ शकत होते. हे मी मुद्दाम वेगळे वाक्य करून लिहितो. आपले लोक त्या तळ्याचे पाणी वापरत होते, आणि शेजारच्या माणसाला ते का मिळत नाही, हे आपण कधी विचारले नव्हते. गावाची शांतता टिकून होती. ती कोणाच्या तहानेवर टिकून होती, हे शेंदऱ्या बुरुजासारखेच सर्वांना आधीच ठाऊक होते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी त्यासाठी खपून काम केले होते. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या घेतलेले जमाव मंडपावर आणि रस्त्यात सापडेल त्याच्यावर तुटून पडले. जेवायला बसलेली, गावाकडे परत निघालेली माणसे मारली गेली. बाबासाहेब बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती लष्करातून निवृत्त झालेले महार होते, उलटा हात उचलायला ते तयार होते. त्यांनी इशारा केला असता तर त्या दिवशी महाडमध्ये मुडदे पडले असते. त्यांनी आपल्या माणसांना आवरले.

त्या दिवशी रस्त्यात सापडलेल्या अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. याची नोंद आंबेडकरांच्या चरित्रात आहे. कोणत्या घरात कोण होते, ती नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

माझ्या दृष्टीने हा या सगळ्या लेखाचा मध्य आहे. बाहेर जमाव आहे. घरात बायकामुले आहेत. दाराशी एक अनोळखी, रक्ताळलेला माणूस आला आहे. उद्या याच गावात राहायचे आहे, याच बाजारात वाणसामान घ्यायचे आहे. त्याला दारातूनच परत पाठवले तर घरावर काही येणार नाही. गज्जालींचे जहाज ते हेच, आणि त्यातल्या लोकांनी गज्जाली वाचलेले नव्हते. आपल्या मोहल्ल्याच्या भल्यासाठी एकाला बाहेर ढकलता येईल, हा हिशेब त्यांनी केला असेल किंवा नसेल, पण दार उघडले आणि पुन्हा लावून घेतले.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या वेळी गावात कोणी जागा देईना, दुकानदार माल विकेनात, शिधा बाहेरून आणावा लागला. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. इथे नाव राहिले, हे बरे झाले. त्या जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

पण तळ्यावर जायचे की नाही हा प्रश्न उभा होता. सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जवळपास चार हजार लोकांनी तुरुंगात जायची तयारी म्हणून नावे नोंदवली होती. कलेक्टर परिषदेत येऊन बोलले, निकालापर्यंत थांबा म्हणाले. बाबासाहेबांनी मंडपात सर्वांसमोर दोन्ही बाजूंची चर्चा होऊ दिली, मग सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली. पाण्याला हात न लावता फेरी पुरी केली आणि परतले.

पाणी समोर आहे, हक्क कायद्याने आहे, तहान पिढ्यांची आहे, आणि तरी हात लावायचा नाही. हाही हुदैबियासारखाच तोटा होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला, जवळजवळ दहा वर्षे. तो लोकांच्या बाजूने लागला. एवढी वर्षे थांबायला लावणे योग्य होते का, यावर आजही वाद घालता येईल. पण ज्यांना थांबायचे होते ते त्या मंडपात होते, त्यांच्यासमोर बोलणे झाले, आणि थांबा म्हणणारा माणूस स्वतः त्यांच्यातला होता. त्या तळ्याचे पाणी त्यालाही मना होते. दोर कापणारा कड्यावरच उभा होता.

मग उत्तर काय?

गावाच्या भल्यासाठी एकाने जायचे का, याला माझे उत्तर असे. ज्याचा जीव आहे तो त्याने द्यावा किंवा न द्यावा. मुरारबाजीने दिला, तानाजीने दिला, त्यांना सलाम. दुसऱ्याचा जीव देण्याचा हक्क राजालाही नाही, जमातीलाही नाही, बहुमतालाही नाही. आणि समाजाला तोटा सोसायचाच असेल तर सोसा म्हणणाऱ्याने पहिल्यांदा आपले स्वतःचे, आपल्या मुलाचे पुढे करावे, ज्याच्यावर भार पडतो त्याला समोर बसवून विचारावे, आणि नंतर त्याला विसरू नये.

आपल्या जमातीत हा प्रश्न रोज लहान रूपात येतो. घरात मुलीला त्रास होतो, ती बोलायला लागते, आणि कोणीतरी म्हणतो, "आता वेळ बरी नाही, कौमची बदनामी होईल, तू जरा सहन कर." हे बोलणारा नेहमी तिच्यापेक्षा मोठा असतो आणि सहन करायची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. कौमची इभ्रत हा आपला बुरुज झाला आहे, आणि त्याच्या पायात आपण आपल्याच देवकाया घालतो. त्यांना कोणी विचारत नाही. मोहल्ल्यातल्या कोणत्या पोराला पोलिसांच्या स्वाधीन केले की बाकीचे सुटतील, हा हिशेबही मी बैठकीत ऐकला आहे. पोराने गुन्हा केला असेल तर त्याला कायद्यापुढे उभे करणे वेगळे. त्याने काही केलेले नसताना केवळ प्रकरण मिटावे म्हणून त्याचे नाव पुढे करणे हा जहाजातून माणूस ढकलण्याचा प्रकार आहे, आणि त्याला आपल्याच धर्मशास्त्रात परवानगी नाही.

पुलाला बळी नको असतो. त्याला दरवर्षी कोणीतरी खाली उतरून पाया तपासायला हवा असतो. समाजालाही तेच हवे असते.

पुढच्या वेळी महाडला गेलात तर चवदार तळ्याला एक फेरी मारा. आपल्या लोकांनी तिथे वर्षानुवर्षे काय पाहून न पाहिल्यासारखे केले, तेही आठवा, आणि मार्चच्या त्या दिवशी कोणत्या दारांनी काय केले, तेही आठवा. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. यापुढे आपल्या दाराशी कोणी आले तर यातली कोणती गोष्ट पुन्हा करायची, एवढे आपल्याला ठरवता येते.